ट्रेबल गेला म्हणून

साहेब, तुम्ही माझ्या पिवळ्या कार्डावर चार अक्षरं लिहिलीत, खाली सही केलीत आणि शिक्का मारलात. त्या चार अक्षरांच्या जिवावर मी एका सरळ माणसाला भर दुकानात चोर म्हणालो. माझं काय चुकलं ते मी पुढं सांगणारच आहे, लपवणार नाही. पण खोटं आधी तुम्ही लिहिलंत.

२००६ सालचा मार्च महिना. मी, माझी मुलगी सुमेधा आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर असे तिघं सकाळच्या एसटीनं इचलकरंजीहून मिरजेला आलो. अ‍ॅम्प्लिफायर मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. बारा-तेरा किलोचं धूड. उतरताना दोन्ही मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. सुमेधा तेव्हा अकरावीत होती. वाटेत ती एकदाच बोलली. माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आण्णा, मास्तरांना वेडंवाकडं बोलू नका."

मी म्हणालो, "आज एक घाव दोन तुकडे."

हुसेनमास्तर सतारमेकरांचं दुकान एका जिन्याखाली होतं. घराणं सतारी करणारं. भाऊ, चुलते, पुतणे सगळे भोपळे आणि लाकूड यांत बुडालेले. हे एकटेच लहानपणी रेडिओच्या नादी लागले आणि तिकडचेच झाले. दुकानात एक टेबल, एक बाक, दोन स्टुलं, एक खडखडणारा पंखा आणि तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर पोट उघडून ठेवलेली यंत्रं. त्या दिवशी बाकावर एक बाई मांडीवर मिक्सर घेऊन बसली होती.

मला बघून मास्तर म्हणाले, "परत आणलास?"

"परत."

"काय म्हणतोय?"

"तेच. ट्रेबल गेलाय. बारीक आवाज येतच नाहीत."

चौथी वेळ होती ती.

मास्तरांची एक रीत होती. आलेलं यंत्र ते थेट बोर्डाला कधी लावत नसत. मधे शंभरचा बल्ब जोडायचे. बल्ब भगभगून पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एकदा पेटून मंद झाला तर यंत्र धड आहे. गिऱ्हाईक तोंडानं दहा तक्रारी सांगत असायचं, मास्तर मान हलवत बल्बकडं बघत बसायचे. म्हणायचे, आधी बल्बला विचारायचं, मग माणसाला. त्या दिवशीही त्यांनी कापड सोडलं, बल्ब जोडला, बटण दाबलं. बल्ब एकदा पेटला आणि मंद झाला.

"धड आहे," मास्तर म्हणाले.

हा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडं कसा आला ते सांगतो, म्हणजे मी एवढा का पिसाळलो होतो ते कळेल. तो जपानी, १९७४ सालचा. आमच्या शेठच्या बंगल्यात होता. शेठनं पुढं भिंतीजवळ ठेवायचा मोठा टीव्ही आणि त्याच्या जोडीचे काळे डबे आणले. मला म्हणाले, सुबराव, हे धूड जाता जाता भंगारात टाक. मी त्यांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारा. सोळाव्या वर्षापासून मागात. मोडलेलं बघून हात शिवशिवतात. भंगारवाल्याच्या दारावरून मी सायकल तशीच पुढं नेली.

मास्तरांनी दोन महिने घेतले. खटके धुतले, सुकलेले कपॅसिटर बदलले, एका चॅनलची गुरगुर घालवली. दोन जुने लाकडी स्पीकर त्यांनीच मिळवून दिले, कॅसेट डेकही. मग तो माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत आला आणि खोलीचा मालक झाला.

ज्यांनी असलं यंत्र वापरलं नाही त्यांना काय सांगावं. पुढची पाटी जाड अ‍ॅल्युमिनियमची, पितळेच्या भांड्यासारखी हाताला गार. बटण दाबलं की पाच-सहा सेकंद काहीच होत नाही. मग आतून टक् असा एक आवाज येतो, जसं कुणी आतल्या खोलीतून कडी काढली. पिवळा दिवा लागतो आणि दोन काचांमागं दोन काटे थरथरायला लागतात. व्हॉल्यूमची कळ एवढी वजनदार, की फिरवताना बोटांना वाटतं आपण काहीतरी खरंखुरं फिरवतोय. मी सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, कोरड्या फडक्यानं त्याला पुसून मग लावायचो. शालन, माझी बायको, म्हणायची, "झाली का तुमच्या धाकटीची आंघोळ?" पण भाजी निवडायला तीही त्या काट्यांपुढंच बसायची.

सगळ्यात जास्त लागायची एकच कॅसेट. १९८३ साली आमच्या गल्लीत भजन झालं होतं, ते कुणीतरी टेप केलेलं. त्यात माझे वडील टाळ वाजवतात. वडिलांचा आवाज कुठंच नाही, फोटोही एकच, तोही लग्नातल्या गर्दीतला. पण टाळ त्यांचे. डाव्या स्पीकरमधून यायचे, पखवाजाच्या जरा वर, एकदम चिरत. शेवटच्या अभंगात ते लय चढवतात आणि तिथं माझ्या अंगावर काटा यायचा. दरवेळी. वडील ८५ साली गेले. तेही मागावरचेच.

सुमेधा पाचवीत असताना तिनं आईची नेलपॉलिश घेऊन व्हॉल्यूमच्या कळीजवळ एक लाल ठिपका दिला होता. घड्याळात नऊ वाजतात त्या जागी. आईचा हुकूम होता, याच्या पुढं कळ न्यायची नाही. शालनला मोठा आवाज सोसत नाही. ती नवऱ्याला जेवायला बोलवायलासुद्धा ओरडत नाही. खांद्याला हात लावते, समोर येते आणि सांगते. आमच्या सगळ्या गल्लीची हीच तऱ्हा. चहूबाजूंनी माग धडधडत असतात, लांबून हाक मारून घसा कोण फोडणार. खांद्याला हात लावायचा, तोंड दाखवायचं, बोलायचं.

तर २००१-०२ पासून टाळ मागं जायला लागले. आधी वाटलं कॅसेट झिजली. पण रेडिओही तसाच. घुंगरू, जलतरंग, बाईच्या गळ्यातली ती बारीक किनार, सगळं जसं गोधडीखालून. कळ ठिपका सोडून दहावर गेली, मग बारावर, मग दोनवर. काटे उजवीकडं आपटायला लागले. शालन कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात जायची. मी म्हणायचो, अ‍ॅम्प्लिफायर थकलाय, जोर राहिला नाही त्याच्यात.

ह्या तक्रारीपायी पहिल्यांदा मास्तरांकडं नेला तेव्हा त्यांनी डेकचं हेड साफ केलं. दुसऱ्यांदा स्पीकरचे बारीक आवाजाचे कोन बदलून दिले. तिसऱ्यांदा त्यांनी मीटर लावला, जाड ते बारीक सगळा आवाज सोडून बघितला आणि म्हणाले, कुठंही पडत नाही, नवा होता तसा आहे. मग मीटर बाजूला ठेवून, माझ्याकडं बघत म्हणाले, "सुबराव, कान दाखवलेस का कधी कुणाला?"

मला ते लागलं. यंत्र सुधारत नाही म्हणून गिऱ्हाइकाला बहिरं ठरवायचं, ही कुठली रीत? पण बोललो काही नाही. आणि महिन्याभरातच, साहेब, तुमचं कामगार तपासणी शिबिर आलं. वजन, नाडी, डोळे, कान, सगळं फुकट. मी रांगेत पहिल्या पाचांत उभा होतो.

त्याच सुमाराला पुण्याचा एक माणूस जुनी यंत्रं विकत घ्यायला आमच्या भागात फिरत होता. शेठकडनं माझं नाव काढून घरी आला. अ‍ॅम्प्लिफायर बघून हरखला. म्हणाला, याच्या आतले मूळ जपानी ट्रान्झिस्टर आता जगात कुठं मिळत नाहीत. दुरुस्तीवाले काढून घेतात आणि साधे बसवतात, मग आवाज मरतो. तुमचा कुणी उघडलाय का?

झालं. माझ्या डोक्यात एवढं पुरलं. चार वर्षांचं कोडं त्या माणसानं दोन वाक्यांत सोडवलं होतं. त्या मार्चच्या सकाळी मी ठरवूनच निघालो होतो. आज मास्तरांकडनं कबूल करून घ्यायचं, नाहीतर घरी न नेता अ‍ॅम्प्लिफायर पुण्याच्या माणसाला देऊन टाकायचा. टाळ नसलेलं यंत्र ठेवून काय करायचं? सुमेधा म्हणूनच बरोबर आली होती. तिला तो जाऊ द्यायचा नव्हता.

मी बरोबर आणलेली भजनाची कॅसेट मास्तरांनी दुकानातल्या डेकवर लावली, स्पीकरही दुकानातलेच. शेवटचा अभंग. मी डाव्या स्पीकरसमोर बसलो. पखवाज ऐकू आला, माणसं ऐकू आली. टाळांच्या जागी काही नाही.

"ऐका," मी म्हणालो. "कुठं आहेत?"

मास्तरांनी सुमेधाकडं बघितलं. "तुला येतात का गं?"

"येतात की," सुमेधा म्हणाली. "चांगले येतात. आण्णा, खरंच येतात."

"तिला यंत्र घरात पाहिजे म्हणून ती हो म्हणणार." मग मी उठलो. आत्तापर्यंत मास्तरांना मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळपासचे. पण त्या दिवशी तोंड सुटलं. "ह्यातले ट्रान्झिस्टर तू काढलेस. मूळचे काढून बाजारातले घातलेस. तीन वेळा मला उल्लू बनवलंस. चोर आहेस तू, मास्तर."

मिक्सरवाल्या बाईनं मान खाली घातली. सुमेधा स्टुलावर बसल्या बसल्या माझी बाही ओढत होती. मास्तर स्टुलावर बसले होते तसेच बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी चोर. पण मागच्या वेळी एक विचारलं होतं तुला."

त्याचीच मी वाट बघत होतो. खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि त्यांच्या टेबलावर आपटलं. वजन, नाडी, डोळे. आणि चौथ्या ओळीत, साहेब, तुमच्या अक्षरात: कान ठीक. खाली सही, शिक्का.

"वाच," मी म्हणालो. "सरकारी आहे."

मास्तरांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. मला परत दिलं. मग उठून माझ्याकडं पाठ करून फळीवर काहीतरी शोधायला लागले. डबे सरकवत होते, एखादी वायर ओढून बघत होते. मी वाट बघत उभा. माझी खात्री होती, आता माफी मागायला शब्द शोधतोय.

आणि एकदम मिक्सरवाली बाई पाय वर घेऊन बाकावर उकिडवी बसली. मिक्सरचं झाकण खाली पडलं. सुमेधानं दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर घेतले. दोघी जमिनीकडं बघत होत्या. मलाही कळेना काय झालं. मी जमिनीवर दोन्ही पाय रोवून उभा होतो.

मास्तर वळले. आता त्यांचं तोंड मला दिसत होतं.

"सुबराव, मी आत्ता काय बोललो?"

"काही बोललात?" मी म्हणालो.

सुमेधा माझ्याकडं बघत होती. जमिनीकडं बघताना तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती तीच अजून होती, पण आता ती माझ्याकडं बघत होती.

"मी तीन वेळा बोललो," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदा विचारलं, चहा घेणार का. मग विचारलं, साखर कमी घालू का. आणि तिसऱ्यांदा म्हणालो, सुबराव, हलू नकोस, तुझ्या पायाशी विंचू आहे." बाईकडं वळून म्हणाले, "ताई, खाली बसा. विंचू-बिंचू काही नाही."

"बोललात ते हळू असणार," मी म्हणालो. "पंखा चालू आहे."

"पंखा त्यांनाही चालूच होता."

मी सुमेधाकडं बघितलं. म्हटलं, "ऐकू आलं तुला? तिन्ही?"

तिनं मान हलवून हो म्हटलं.

मी खाली बसलो. बाकावर जागा होती, पण मी जमिनीवरच बसलो. मास्तर माझ्यासमोर उकिडवे बसले, तोंड माझ्या तोंडासमोर आणून. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. "चूक माझी पण आहे. यंत्र आलं की मी बल्बला विचारतो. तुझ्या बाबतीत चार वेळा माणसाचंच ऐकत बसलो."

मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं. मी नको म्हणत होतो तरी उघडलं. बॅटरी धरून मला एकेक ट्रान्झिस्टर दाखवला, त्यावरचे बारीक जपानी नंबर वाचून दाखवले. चारही मूळचे. पुन्हा झाकण लावून, कापडात बांधून माझ्या हातात दिला. "घेऊन जा. ह्याला काही झालेलं नाही."

परतीच्या एसटीत अ‍ॅम्प्लिफायर सुमेधानं मांडीवर घेतला. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. एकदा तिचा गाल हलताना दिसला, म्हणजे ती बोलत होती. मला काही कळलं नाही. मी तिला तोंड फिरव म्हणालो नाही.

त्या प्रवासात मला तुमचं शिबिर आठवलं, साहेब. शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही टेबलामागं बसला होतात. मी समोर उभा. तुम्ही विचारलंत, नाव काय. मी सांगितलं. वय किती. सांगितलं. ऐकायला येतं ना नीट? येतं, म्हणालो. तुम्ही लिहिलंत. मिनिटभर लागलं असेल. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच कळलं होतं तुम्ही काय विचारलं ते. पण एसटीत बसून आठवायला गेलो तर तुमचा आवाज कसा होता ते मला आठवेना. जाड की बारीक, काहीच नाही. तुमचे ओठ मात्र स्पष्ट आठवले. खालचा ओठ जरा फाटलेला होता.

मागाखाली तीस वर्षं काढलेला माणूस कानानं ऐकत नसतो, साहेब. खटखटाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणून आम्ही पहिल्याच वर्षी ओठ वाचायला शिकतो. कुणी शिकवत नाही. आपण शिकलो हेही कळत नाही. शालन समोर येऊन का बोलते, पोरगी आधी खांद्याला हात का लावते, हे मला त्या दिवशी कळलं. मी समजत होतो सगळ्या जगात असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते. तुमच्या शिबिरात आलेले आम्ही अडतीस जण होतो. कार्डं मागून घेतली. सगळ्यांच्या चौथ्या ओळीत तीच चार अक्षरं, त्याच पेनानं. मग मास्तरांचीच परीक्षा लावली. एकेकाच्या पाठीमागं जाऊन साध्या आवाजात म्हणालो, पायाशी विंचू आहे. मी धरून अडतीसांपैकी एकोणतीस जणांनी पाय हलवला नाही. बाकीच्या नऊ जणांनी उचलला, त्यातल्याही एकानं शेजाऱ्याचा बघून.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच मिरजेला गेलो. मास्तरांसमोर उभा राहून म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"काय बोललास?" मास्तर म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही बाबा." आणि चहा सांगायला उठले. जाताना वळले, माझ्याकडं तोंड केलं आणि विचारलं, "साखर कमी?"

मास्तर २०११ साली गेले. अ‍ॅम्प्लिफायर अजून चालू आहे. कळ पुन्हा लाल ठिपक्यावर आली, ती सुमेधानं आणली. मी आता डाव्या स्पीकरच्या लाकडावर हात ठेवून बसतो. पखवाज हाताला लागतो. टाळ लागत नाहीत. शेवटच्या अभंगाला सुमेधा घरी असली तर माझ्या खांद्यावर बोटानं लय धरते. डावा काटा कुठं उसळतो ते मला पाठ झालं आहे. तिथं वडील आहेत, एवढं मी मानून चालतो.

तुम्हाला मी चार अर्ज केले. तीन वेळा काही आलं नाही. चौथ्या वेळी तुमच्या ऑफिसातल्या माणसानं तोंडी सांगितलं, वय झालं की असं होतं. त्या एकोणतीस जणांत एक चोवीस वर्षांचा होता. त्याचं कोणतं वय झालं होतं?

माझी मागणी नुकसानभरपाईची नाही. कान परत येत नाहीत हे मला माहीत आहे. मला एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे. त्या दिवशी त्या हॉलमध्ये, अडतीस माणसांपैकी एकाच्या तरी पाठीमागं उभं राहून तुम्ही त्याला नाव विचारलं होतंत का?

उत्तर लेखी द्या. सही करा, शिक्का मारा. समोर येऊन सांगू नका, साहेब. समोर आलात तर मी तुमचे ओठ वाचून सगळी बरोबर उत्तरं देईन, आणि तुम्ही पुन्हा तेच लिहाल.